'ट्राउट मास्क रेप्लिका' कोणाला मनापासून आवडलाय का? कसा ऐकलात?

रात्रपाळी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथे रॉकवर बरेच धागे आहेत, पण कॅप्टन बीफहार्टच्या या अल्बमवर एकही सापडला नाही, म्हणून काढतोय.

ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जून १९६९ मध्ये अमेरिकेत आलेला डबल अल्बम, २८ गाणी, सव्वा तासाहून थोडा जास्त. कॅप्टन बीफहार्ट म्हणजे डॉन व्हॅन व्लीट. निर्माता फ्रँक झॅपा, त्याचा शाळेपासूनचा मित्र. मुखपृष्ठावर हॅट घातलेला माणूस आणि त्याच्या तोंडासमोर माशाचं मुंडकं. ते बघूनच अर्धे लोक पळतात.

पहिल्यांदा लावला तेव्हा तिसऱ्या गाण्यात बंद केला. एक गिटार एकीकडे, दुसरी भलतीकडे, ड्रम्सवाला स्वतःच्याच नादात आणि या सगळ्यावर हा बाबा घोगऱ्या आवाजात कविता ओरडतोय. पण काहीतरी डोक्यात अडकून राहिलं. मग कामावरून येताना, भांडी घासताना, झोपण्याआधी असा तुकड्यातुकड्यानं ऐकत गेलो. आता 'मूनलाइट ऑन व्हरमाँट' प्रचंड आवडतं, 'एला गुरू' दिवसभर तोंडात असतं. बाकीचा बराचसा अजून दगडासारखा बंद आहे.

प्रश्न दोन. ज्यांना आवडला त्यांनी तो ऐकला कसा, सलग की निवडून? आणि दुसरा प्रश्न मला जास्त छळतोय: हे खरंच आवडणं आहे, की कानाला झालेली नुसती सवय?

चहाबाज

पहिला नंबर! वाचतोय.

खर्डा_भाकरी

आत्ताच पहिलं गाणं 'फ्राउनलँड' लावलं. दीड-पावणेदोन मिनिटांत संपलं म्हणून बरं. तेवढ्यात शेजारच्या काकांनी दार वाजवून विचारलं, "काय पडलं काय रं?"

चहाबाज

ठ्ठो! काकांना सभासद करून घ्या.

ठेका_सोळा

धागा बघून बरं वाटलं. मी तबला वाजवतो, त्यामुळे या अल्बमकडे माझा रस्ता तालाकडून गेला. जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या: यात वाट्टेल तसं वाजवलेलं जवळजवळ काही नाही. व्लीटला रीतसर पियानो येत नव्हता. तो पियानोवर तुकडे बडवायचा आणि ड्रमर जॉन फ्रेंच ते स्वरलिपीत उतरवून घ्यायचा. मग कोणता तुकडा कोणत्या वाद्याला, कशाला जोडून, हे बसवायचं आणि बाकीच्यांना शिकवायचं कामही बरंचसं फ्रेंचच्याच गळ्यात. लॉस एंजेलिसच्या वुडलँड हिल्स भागात एका घरात राहून या लोकांनी सुमारे आठ महिने तालीम केली. त्यामुळे स्टुडिओत गेल्यावर वीसेक गाण्यांची वाद्यसंगीताची बाजू एकाच बैठकीत, सहाएक तासांत ध्वनिमुद्रित झाली. रियाज केल्याशिवाय हे होत नाही.

आता लय. समजा एका गिटारचं वाक्य चार मात्रांचं आहे आणि दुसरीचं पाच मात्रांचं. दोन्ही एकदम सुरू केली आणि आपापली घोळवत राहिली, तर दोघी पुन्हा एकत्र 'एक'वर येणार विसाव्या मात्रेनंतर. त्यात बेसचं वाक्य तीनचं असेल तर तिघांची गाठ साठ मात्रांनंतर. आपल्याकडे आवर्तन एकच आणि सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, सगळ्यांची एकच. गवय्या कुठेही फिरून आला तरी तबला त्याला सम दाखवत उभा असतो. इथे प्रत्येकाची सम वेगळी. आणि कित्येकदा गाठ पडायच्या आतच तो तुकडा सोडून पुढच्या तुकड्यावर उडी. म्हणून आपला कान पहिल्यांदा गोंधळतो, तो सम शोधत असतो आणि सम देणारा कुणी नसतो.

माझा उपाय सोपा: ड्रम्स सोडून द्या. एकच गिटार धरा आणि गाणं संपेपर्यंत तिचाच हात धरून चाला. पुढच्या वेळी दुसरी. गर्दीच्या हॉटेलात एका टेबलाकडे कान दिला की तिथलं बोलणं स्पष्ट ऐकू यायला लागतं, तसं होतं. दोन्ही गिटारी ओळखीच्या झाल्या की त्या एकमेकींना कुठे खेटतात ते आपोआप कळतं. त्या खेटण्यातच सगळी मजा आहे.

निळी_शाई

ठेका_सोळा, माहिती उत्तम, पण मुद्दा पटला नाही. संगीत ऐकण्यासाठी मला लसावि काढावा लागत असेल तर कुठेतरी चुकतंय.

धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मानसशास्त्रात आहे. रॉबर्ट झायन्सनं १९६८ मध्येच दाखवलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती माणसाला आवडायला लागते. अर्थ कळायची गरज नाही. रिक्षात रोज वाजणारं टुकार गाणं महिन्याभरानं आपण गुणगुणतोच. तेव्हा गुणगुणणं हा दर्जाचा पुरावा नाही. त्यात "मला हा अवघड अल्बम कळतो" याचं सुख मिसळलं की झालं काम. कुमारांचं किंवा भीमसेनजींचं पहिल्यांदा ऐकताना कुणाला आठवडे लागले?

सूरदास_नव्हे

निळी_शाई +१. मी दोनदा प्रयत्न करून सोडलेला अल्बम आहे हा. आयुष्य छोटं आहे आणि बीफहार्टचाच आधीचा अल्बम 'सेफ ॲज मिल्क' उपलब्ध आहे.

रात्रपाळी

निळी_शाई, झायन्सचा मुद्दा रास्त आहे, पण तो इथे पुरत नाही असं मला वाटतं. वारंवार भेटीनं आवड वाढते ती मुख्यतः आधी ज्याबद्दल काही मत नव्हतं अशा गोष्टींबाबत. सुरुवातीलाच जे खुपतं ते पुन्हा पुन्हा समोर आलं तर नावड वाढूही शकते. आमच्या ऑफिसच्या लिफ्टमधली धून मी वर्षानुवर्षं ऐकतोय, माझा राग दिवसेंदिवस वाढतोच आहे.

शिवाय माझ्या ऐकण्यात नेमकं काय बदललं ते मी बोट ठेवून सांगू शकतो. 'पचूको कडॅव्हर' घ्या. आधी नुसता खडखडाट होता. आता त्यातला एक तुकडा संपून दुसरा लागतो ती जागा मला आधीच कळते, आणि तिथे चौघंही एका क्षणात वळतात तेव्हा अंगावर काटा येतो. रिक्षातल्या गाण्यात मला नवीन काही ऐकू येत नाही, तेच ते कानावर येत राहतं. इथे दर वेळी एखादी रेघ नव्यानं दिसते. सवय आणि ओळख यांत एवढा फरक मी नक्कीच मानतो.

दर्यावर्दी

निळी_शाईताई, "आठवडे लागले का" विचारलंत म्हणून सांगतो. लागतात हो! आमच्या घरी गोव्यात वडील केसरबाईंच्या रेकॉर्डी लावायचे. जयपूर घराण्याची ती पेचदार, एकात एक गुंतलेली तान लहानपणी मला मुळीच कळायची नाही. कुठे श्वास घेतात, कुठून वळतात, काही थांग नाही. सोपं भावगीत बरं वाटायचं. मोठा झाल्यावर एका गुरुजींनी मला फक्त लय मोजायला बसवलं आणि हळूहळू ती तान उलगडत गेली. आपलं शास्त्रीय संगीत आपल्याला 'सहज' वाटतं कारण घरात, देवळात, रेडिओवर ते आधीच कानावरून गेलेलं असतं. कॅलिफोर्नियातल्या माणसाला विचारा किती सहज वाटतं ते.

अवांतर: केसरबाईंचं 'जात कहां हो' १९७७ पासून व्हॉयेजर यानातल्या तबकडीवर अंतराळात फिरतंय. तिथल्यांना किती आठवडे लागतील?

चहाबाज

सम चुकवली तर परत पाठवतील.

मोहावीकर

कॅलिफोर्नियातल्या माणसाला विचारा म्हणालात म्हणून हजर. पंधराएक वर्षं इथे आहे. झॅपा आणि व्लीट ज्या लँकेस्टर गावात शाळेत होते ते मोहावी वाळवंटात आहे, लॉस एंजेलिसच्या उत्तरेला डोंगर ओलांडला की. सपाट, कोरडं, वाऱ्याचं गाव. तिथे ही दोन पोरं रात्र रात्र ब्लूजच्या तबकड्या ऐकत बसायची. व्लीटच्या आवाजात ब्लूज गायक हाउलिन वुल्फ आहे हे एकदा लक्षात आलं की अर्धा अल्बम सरळ होतो. मिसिसिपीच्या ब्लूजची हाडं तशीच ठेवून त्यानं सांधे निखळवलेत. त्यामुळे माझा सल्ला ठेका_सोळांच्या उलटा: आधी हाउलिन वुल्फ भरपूर ऐका, मग इकडे या. स्लाइड गिटार कुठून आली, आवाज असा का फाटतो, सगळं कळतं.

धागाकर्त्याला 'मूनलाइट ऑन व्हरमाँट' आधी आवडलं यात नवल नाही. ते आणि 'व्हेटरन्स डे पॉपी' ही दोन गाणी बाकीच्यांच्या आधी, १९६८ मध्येच ध्वनिमुद्रित झालीत. तेव्हा ही आठ महिन्यांची तालीम झालेली नव्हती. म्हणून त्यांत ब्लूज-रॉकचा ठेका अजून शाबूत आहे. नवीन माणसानं तिथूनच आत शिरावं.

ठेका_सोळा

मोहावीकर, अगदी मान्य, दोन्ही रस्ते चालतील. गायनाबद्दल एक भर घालतो. वाद्यं आधी तयार झाली आणि व्लीटनं त्यांवर नंतर गायलं, पण हेडफोन न लावता! स्टुडिओच्या काचेतून जेवढं झिरपून ऐकू येत होतं तेवढ्याच अंदाजानं. त्यामुळे आवाज आणि वाद्यं यांची गाठ बऱ्याच ठिकाणी पडतच नाही. 'डाखाऊ ब्लूज'मध्ये आवाज एवढा पुढे आहे की मागचे लोक काय वाजवताहेत ते मला फार उशिरा ऐकू आलं. ही गोष्ट मला आजही खटकते. वादकांनी महिनोन् महिने घासून बसवलेलं काम आणि गायक त्याच्या अंगावरून चालत जातो.

सावनी_क

शेवटच्या वाक्यावरून राहवलं नाही म्हणून लिहिते. इथे सगळे 'आठ महिन्यांची तालीम' कौतुकानं सांगताहेत. त्या घरात काय चालायचं ते त्या मुलांनीच नंतर सांगितलंय आणि लिहिलंय. विशीतली पोरं, हातात पैसा नाही, खायला नीट नाही. कित्येक दिवस मूठभर सोयाबीनवर काढलेले. दुकानातून खाणं उचलताना पकडले गेले तेव्हा झॅपानं त्यांना सोडवून आणलं. घराबाहेर जायची मोकळीक नाही. एकेकाला मधे बसवून तासन् तास सगळ्यांनी मिळून बोलायचं, तो कोसळेपर्यंत. आणि ज्या जॉन फ्रेंचनं हे सगळं उतरवलं, बसवलं, शिकवलं, त्याचं नाव मूळ अल्बमच्या वादकांच्या यादीत नाही. व्लीटनं मात्र मुलाखतींतून सांगितलं की सगळं संगीत आपण साडेआठ तासांत रचलं.

मी हा अल्बम ऐकते. आवडतोही. पण ती शिस्त आणि तो रियाज हे शब्द इथे वापरायला माझी जीभ रेटत नाही. गुरुगृही राहून केलेली साधना म्हणून आपल्याकडेही बऱ्याच गोष्टी खपवल्या गेल्यात.

दर्यावर्दी

सावनीताई, दंडवत. हे इतक्या तपशिलात माहीत नव्हतं.

निळी_शाई

सावनी_क, हे वाचून तर मला ऐकावासाच वाटत नाहीये.

मोहावीकर

सावनी, एकही शब्द खोडण्यासारखा नाही. फक्त एक जोडतो. २००३ मध्ये बीफहार्टच्या साथीदारांचे, म्हणजे मॅजिक बँडचे, जुने लोक पुन्हा एकत्र आले. व्लीट नव्हता, त्यानं १९८२ नंतर संगीत सोडून चित्रकला धरली होती. गायला उभा राहिला जॉन फ्रेंच! मार्क बॉस्टन बेसवर. ज्यांना या संगीतानं इतका त्रास दिला त्यांनीच ते पुन्हा हातात घेतलं. २०१० मध्ये फ्रेंचनं त्या काळावर जाडजूड पुस्तकही लिहिलं, त्यात कडूगोड सगळं आहे. मला त्यावरून असं वाटतं की हे संगीत जितकं व्लीटचं तितकंच त्यांचं आहे, आणि आपण ऐकताना त्यांची नावं घेऊन ऐकावं. बिल हार्कलरोड आणि जेफ कॉटन गिटारवर, मार्क बॉस्टन बेसवर, जॉन फ्रेंच ड्रम्सवर, व्हिक्टर हेडन बेस क्लॅरिनेटवर. अल्बमवर सगळ्यांना व्लीटनं ठेवलेली विचित्र टोपणनावं आहेत, त्यात खरी माणसं झाकली जातात.

सावनी_क

हे आवडलं. नावं घेऊन ऐकू या.

खर्डा_भाकरी

राव, मी गंमत करायला आलो होतो आणि धागा कुठल्या कुठं गेला. आता खरंच विचारतो. मोबाईलवरच ऐकतोय, हेडफोन न्हाईत. चालंल का?

ठेका_सोळा

नाही चालणार, भाऊ. मोबाईलच्या स्पीकरवर या अल्बमचा चिखल होतो. एक गिटार एका कानात आणि दुसरी दुसऱ्या कानात ठेवलेली आहे. दोन्ही एका टिचभर स्पीकरमधून आल्या की वेगळं काढायला काही उरतच नाही. साधे वायरवाले इयरफोन घे, पण दोन्ही कानांत घाल. आणि एक गंमत कर: 'फ्राउनलँड'ला आधी फक्त डावा कान, मग फक्त उजवा, मग दोन्ही. गाणं छोटं आहे, पाच-सहा मिनिटांत होतं सगळं.

रात्रपाळी

हा डावा-उजवा प्रकार मी काल रात्री करून पाहिला, 'फ्राउनलँड'वरच. एका कानात ऐकलं तर ती गिटार चक्क सुरेल, जवळजवळ साधी आहे. छोटं वाक्य, घोळवलेलं, मग पुढचं वाक्य. गोंधळ कुठल्याच एका वाद्यात नाही, तो फक्त त्यांच्या एकत्र येण्यात आहे. आणि दोन्ही कान लावल्यावर तो आता मला गोंधळ वाटला नाही. जॉन फ्रेंच दोघांच्या मधे धावत असतो, कधी हिचा ठेका उचलतो, कधी तिचा. धन्यवाद ठेका_सोळा, हे मला एकट्याला कधी सुचलं नसतं.

सूरदास_नव्हे

बरं, हे करून बघायला हरकत नाही. उद्या.

चहाबाज

सूरदासांनी "उद्या" म्हटलं याची नोंद घेण्यात आली आहे.

मोहावीकर

सवयीच्या मुद्द्यावर मॅट ग्रोनिंगचं सांगायचं राहिलं. 'सिम्पसन्स' काढणारा. पोरवयात यानं हा अल्बम विकत आणला, ऐकला आणि वाटलं की इतकं वाईट आपण आजवर काही ऐकलेलं नाही, हे लोक धड प्रयत्नसुद्धा करत नाहीयेत. पण झॅपाचं नाव आणि डबल अल्बमचे पैसे म्हणून पुन्हा ऐकत राहिला. तिसऱ्या खेपेला लक्षात आलं की हे मुद्दाम असं केलंय. सहाव्या-सातव्या खेपेला तो त्याचा सगळ्यात आवडता अल्बम झाला. यातलं मधलं पाऊल मला महत्त्वाचं वाटतं. 'हे चुकून झालेलं नाही' हे कळल्यावर माणूस वेगळ्या कानानं ऐकतो. ठेका_सोळांनी लिहिलेली तालमीची हकीकत वाचली की ते पाऊल लवकर पडतं.

निळी_शाई

सावनी आणि मोहावीकर यांचं वाचून नावं माहीत झाली, म्हणून काल निवडून काही ऐकलं. प्रामाणिक अहवाल देते.

वाद्यांची गाणी मला आवडली नाहीत. डावा कान, उजवा कान, सगळं केलं. रचना कळली, कौतुक वाटलं, आनंद झाला नाही. माझ्या लेखी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिल्या दोन मिळाल्या म्हणून तिसरी मिळाली असं मी म्हणणार नाही.

पण साथीशिवायची गाणी आहेत त्यांतली दोन मात्र पुन्हा लावली. 'द डस्ट ब्लोज फॉरवर्ड'मध्ये तो एक ओळ म्हणतो, टेप थांबवतो, पुढची सुचली की पुन्हा चालू करतो. प्रत्येक ओळीआधी ती बटणाची खट्ट ऐकू येते. कुणीतरी आपल्या शेजारी बसून ओळी जुळवतंय असं वाटतं. आणि 'ऑरेंज क्लॉ हॅमर'मधला खलाशी, कित्येक वर्षांनी परत आलेला, समोर आपली मुलगी बघतो तिथे मी थांबलेच. एवढं जुनं, लोकगीतासारखं काहीतरी या अल्बममध्ये असेल असं वाटलं नव्हतं. यासाठी मला पुन्हा पुन्हा ऐकायची गरज पडली नाही, पहिल्याच वेळी आत गेलं.

म्हणून माझं मत कायम: जे पोचायचं ते पहिल्यांदाच पोचतं.

दर्यावर्दी

ताई, तुम्ही "पुन्हा लावली" असं लिहिलंय.

निळी_शाई

आवडली म्हणून पुन्हा लावली, आवडावी म्हणून नाही!

ठेका_सोळा

हा फरक मला मान्य आहे आणि चांगला मांडलात. माझ्या बाबतीत मात्र दुसऱ्या प्रकारानंही आनंद मिळाला आहे, आणि तो पहिल्यापेक्षा कमी नाही. विलंबित झुमरा ताल मला पहिल्या दिवशी आवडला नव्हता. आज त्याच्याशिवाय करमत नाही.

सावनी_क

मूळ प्रश्नाकडे येते. सलग की निवडून? माझ्या मते सलग ऐकू नये, निदान सुरुवातीला तरी नाही. मुळात हा दोन तबकड्यांचा, चार बाजूंचा अल्बम आहे, वीसेक मिनिटांनी उठून बाजू पलटायला लागायची. तेवढी विश्रांती या संगीतात गरजेची आहे. आता ऑनलाइन २८ गाणी एका दमात अंगावर येतात आणि माणूस दहाव्या गाण्यापर्यंत बधिर होतो. एका वेळी एकच बाजू लावा. रात्रपाळी, तुम्ही भांडी घासताना तुकडे ऐकत होतात ती पद्धत मला बरोबर वाटते. 'द ब्लिम्प'सारखं गाणं मधे आलं की मोकळा श्वास मिळतो. जेफ कॉटन घाबऱ्या घाबऱ्या ओरडतोय, तेही फोनवरून, आणि पलीकडे झॅपानं ते स्वतःच्या बँडच्या चालीवर चढवून टाकलंय.

रात्रपाळी

सगळ्यांचे आभार. एकेक बाजू घेऊन बसणार आहे या महिन्यात. निळी_शाई, 'ऑरेंज क्लॉ हॅमर' मी दर वेळी पुढे ढकलत होतो, आज तेच लावलंय.

पुढचा प्रश्न: बीफहार्टचाच १९७० चा 'लिक माय डिकॅल्स ऑफ, बेबी' लगेच ऐकावा का थांबावं?

मोहावीकर

लगेच ऐका. त्यात आर्ट ट्रिपचा मरिंबा (लाकडी पट्ट्यांचं वाद्य) आहे, वाद्यं जास्त सुटसुटीत ऐकू येतात. काहींना तोच आधी कळतो.

ठेका_सोळा

आणि त्यावर वेगळा धागा काढा, मरिंबाबद्दल मला बरंच लिहायचंय.

खर्डा_भाकरी

इयरफोन आणले. उजवा कान झाला, डावा चालू आहे. काका गप्प आहेत.